पहिल्या गिअरातला थरकाप

माणूस आजारी पडला तर सिकंदराबादेत डॉक्टरकडे जातात. डिझेलची जुनी गाडी आजारी पडली तर आधी इमारतीतल्या सगळ्यांचं मत घेतात. घेतात म्हणणंही बरोबर नाही, ते आपोआप मिळतं. गाडी फाटकातून बाहेर निघताना जेवढा आवाज करते तेवढ्यावर तिन्ही मजल्यांवरून निदानं खाली पडू लागतात.

आमच्या गाडीचं दुखणं असं होतं. पहिला गिअर टाकून क्लच हळूहळू सोडला की पाय अर्ध्यावर येताच गाडीला हुडहुडी भरायची. आरसा हलायचा, डॅशबोर्डवरचा गणपती मान डोलवून प्रत्येक मागणीला होकार द्यायचा, आणि आत बसलेल्याच्या वाक्याचे तुकडे पडायचे. त्या दोन-तीन सेकंदांत फोनवर बोलणाऱ्याला पलीकडून "रडताय का?" असं विचारलं गेलेलं आहे. गाडी एकदा चालू लागली की सगळं शांत. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात तक्रार नाही. रिव्हर्समध्ये मात्र पहिल्या गिअरापेक्षा जास्त जोर.

गाडीची कंपनी सांगत नाही. म्हातारपणी गुडघे दुखले म्हणून कोणी सूतिकागृहाला नावं ठेवत नाही. एवढंच सांगतो की नंबरप्लेट 'एपी १०' आहे. २०१४ साली राज्य वेगळं झालं आणि नव्या गाड्यांना 'टीएस' मिळालं. २०२४ मध्ये त्याचंही 'टीजी' झालं. आमची गाडी सिकंदराबादेत उभी असली तरी कागदोपत्री अजून अखंड आंध्र प्रदेशात राहते. पंधरा वर्षं पुरी झाल्यावर आरटीओत नेऊन तिचं आयुष्य पाच वर्षांनी वाढवून आणलं आहे. दहा वर्षांच्या डिझेल गाडीवरून दिल्लीत कोर्टकचेऱ्या झाल्या. इकडे अशी गाडी म्हणजे नुकती रुळलेली, हाताखाली आलेली.

आता या थरकापामागची भानगड. इंजिन सतत फिरत असतं आणि चाकं उभी असतात. या दोघांची गाठ घालून द्यायची म्हणजे क्लचचं काम. इंजिनाच्या शेपटाला फ्लायव्हील नावाचं बिडाचं जड चाक असतं, गिअरबॉक्सच्या दांड्यावर क्लच प्लेट असते, आणि प्रेशर प्लेट तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पाय हळू सोडला की प्लेट आधी थोडी घसरते, मग पकडते, मग दोघं एका वेगाने फिरतात. मुद्दा त्या घसरण्याचा आहे. प्लेटवर तेल आलं, किंवा तिचं अस्तर तापून गुळगुळीत झालं, की घसरतानाची पकड कमी आणि थांबल्यावरची जास्त, असा उलटा हिशेब सुरू होतो. प्लेट पकडते, सुटते, पुन्हा पकडते. सेकंदाला साधारण दहा वेळा. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हाही हेच घडतं. तार गजाला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. फक्त तिथे हे सेकंदाला शेकडो वेळा होतं, म्हणून त्याला सूर म्हणतात आणि ऐकणारे पैसे देतात. आमच्याकडे दहाच वेळा होतं आणि पैसे आम्ही देतो.

त्यात डिझेल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की तिच्याच उष्णतेने इंधन पेटतं. त्यामुळे प्रत्येक स्फोट ठसठशीत. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत नुसतं उभं असलं तरी सेकंदाला सत्तावीसच्या आसपास दणके देतं. हे दणके बॉडीपर्यंत पोचू नयेत म्हणून इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसवलेलं असतं. आमच्याकडे त्या माउंटिंगला 'फाउंडेशन' म्हणतात, जणू वर तीन मजली इमारत आहे. हे रबर फाटलं की इंजिन जागच्या जागी डुलायला लागतं. क्लच केबलचा असेल तर इंजिन डुललं की केबल ताणते, केबल ताणली की क्लच किंचित सुटतो, क्लच सुटला की इंजिन परत येतं, केबल सैल पडते, क्लच पुन्हा पकडतो. तुमचा पाय निश्चल असतो. गाडी आपला क्लच आपणच दाबत-सोडत असते. एवढी स्वयंचलित सोय त्या किमतीच्या गाडीत दुसरी नव्हती.

आणि हे सगळं सिकंदराबादेत, म्हणजे अर्ध्या क्लचवर चालणाऱ्या शहरात. १८०६ साली निजाम सिकंदर जाहच्या नावाने ही छावणी वसली तेव्हा पलटणी पायी चालत होत्या, त्यामुळे कुणाचा क्लच जळला नाही. आता पॅटनीपासून पॅराडाइजपर्यंत गाडी जाते म्हणणं धाडसाचं आहे. ती सरकवावी लागते. स्टेशनजवळ रेतीफाइलला बस आडवी, मोंडा मार्केटपाशी हातगाडी आडवी, तिरुमलगिरीकडे चढ आडवा. दख्खनचा खडक वरखाली असल्यामुळे सिग्नल नेमका चढावर येतो. आषाढात उज्जैनी महाकालीचं बोनालू असलं की जनरल बझारच्या बाजूला गाडी नेणाऱ्याने क्लच प्लेटही देवीला वाहिली असं समजावं. एका संध्याकाळी आमच्या क्लचच्या जळक्या वासाने पॅराडाइज चौकात बिर्याणीच्या वासावर मात केली. पादचाऱ्यांनी नाकाला रुमाल लावला. त्या चौकात हे कुणाला जमल्याचं ऐकिवात नाही.

जाता जाता एक. चौमहल्ला राजवाड्यात निजामाची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट ठेवली आहे, १९१२ सालची. आत बसायला सिंहासन. ही गाडी उभ्या आयुष्यात चारशे मैलसुद्धा चाललेली नाही. लोक तिचा थाट बघतात. मी तिच्या क्लचचा विचार करतो. मिरवणुकीतली गाडी म्हणजे माणसाच्या चालीने चालणारी, क्लचच्या दृष्टीने सगळ्यात वाईट नोकरी. तिचा क्लच टिकला असेल तर तो एकाच कारणाने: ती घरी बसली.

तर निदानं.

पहिलं परभणीच्या मामांचं. ते 'देवगिरी' एक्स्प्रेसने आले, रिक्षा करू दिली नाही म्हणून स्टेशनपासून आमच्या गाडीत बसले, आणि गाडी हलताच म्हणाले, "अरे, कापायलीय की ही!" मग डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं आणि निकाल दिला, "डिझेलात भेसळ हाय. फिल्टर बदल." मामांच्या मते शेतातला पंप, ट्रॅक्टर, भाच्याची गाडी आणि माणसाचं पोट या सर्वांचे विकार भेसळीतून येतात. इंजिनात दोष असता तर तो चालतानाही दिसला असता, नुसतं उभं असतानाही दिसला असता, असं मी म्हणून पाहिलं. "बनी तो बनी, नहीं तो परभनी," मामा म्हणाले. या म्हणीवर परभणीच्या माणसाशी वाद घालता येत नाही.

दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो मोबाइलला जोडायचा स्कॅनर घेऊन आला. "अंकल, पोर्ट कहाँ है?" स्टिअरिंगखाली डोकं घालून त्याने बराच वेळ शोध केला. त्याला फ्यूजचा डबा सापडला, एक जुना पोस्टकार्ड आकाराचा फोटो सापडला, आणि एक आंध्र प्रदेश सरकारची पावती. पोर्ट नव्हतं. ज्या गाडीला आपला आजार सांगताच येत नाही तिच्याकडे तो इतक्या करुणेने बघायला लागला की मीच त्याला चहा पाजला.

शेजारचे तेलुगू गृहस्थ, सगळ्यांचे 'गारू', मौला अलीच्या डिझेल लोको शेडमधून निवृत्त झाले आहेत. त्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. "क्लच रखनाइच गलत है सार," ते म्हणाले. त्यांच्या हाताखालच्या इंजिनांत डिझेल जनित्र फिरवतं, जनित्र वीज देतं आणि विजेच्या मोटारी चाकं फिरवतात. क्लच नावाची वस्तूच नाही. हजारो टनांची मालगाडी उभ्या जागेवरून हलते, पण ड्रायव्हरच्या हातातला चहा हिंदकळत नाही. हे खरं आहे, मात्र निदान म्हणून त्याचा उपयोग होईना. गाडीच्या पुढे मालगाडीचं इंजिन बसवायला आमच्या इमारतीत जागा नाही. पार्किंगवरून आधीच भांडणं आहेत.

एकच माणूस असा निघाला ज्याने उत्तर देण्याआधी प्रश्न विचारला. तळमजल्यावरचे सुभेदारसाहेब. मूळ साताऱ्याकडचे, लष्कराच्या गाड्या-यंत्रं सांभाळणाऱ्या ईएमईत हयात गेली, निवृत्तीनंतर तिरुमलगिरीचा लळा सुटेना म्हणून इथेच राहिले. त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "केव्हा?"

"केव्हा म्हणजे?"

"काय होतं ते समद्यांना दिसतंय. केव्हा होतं ते सांगा. सकाळी थंड असताना की तापल्यावर? पावसानंतर जास्त? चढावर?"

आणि मग मला कळलं की क्लचच्या दुखण्यात सगळी विद्या या 'केव्हा'मध्ये आहे. पावसाळ्यात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एक-दोनदा थरथरली आणि मग शहाणी झाली तर फ्लायव्हीलवर ओल धरून गंजाचा पातळ थर आला, एवढाच अर्थ. त्यावर खर्च करू नये. तापल्यावर वाढत असेल तर फ्लायव्हीलला डाग पडलेत किंवा तेल आलंय. फक्त मोठ्या वळणावर किंवा वेग घेताना असेल तर क्लच निर्दोष. चाकांकडे जाणारे दांडे बघावेत. उभ्या गाडीतही असेल तर इंजिन. आमचं तापल्यावर वाढत होतं, उभ्या गाडीत नव्हतं आणि रिव्हर्समध्ये सर्वाधिक होतं.

साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं. एका पायाने ब्रेक गच्च दाबून ठेवायचा, पहिला गिअर टाकायचा, आणि क्लच चिमूटभर सोडायचा. इंजिनाने एवढी मोठी उडी घेतली की बघायला जमलेली पोरं मागे सरली. "फाउंडेशन गेलं," साहेब शांतपणे म्हणाले. मग हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरात क्लच सोडायला लावला. इंजिन गपकन बंद पडलं. "प्लेट घसरत नाही. झिजून संपलेली नाही. म्हणजे आत तेल हाय, नाहीतर डाग." जमावाने टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या. मामा मात्र नाराज होते. भेसळीचा उल्लेखच आला नव्हता.

या सर्व काळात माझी बायको गॅलरीतून बघत होती. ती खाली आली, गाडीत बसली, फाटकाबाहेर नेली, फेरी मारून परत आणली. थरकाप जवळजवळ नाहीच. "माझ्या हातात तर नाही करत," म्हणाली आणि वर गेली. यामागेही शास्त्र आहे. ती अॅक्सिलरेटर न वाढवता क्लच झटकन सोडते, त्यामुळे घसरण्याचा काळ अर्धा होतो आणि थरथरायला सवड मिळत नाही. हे शास्त्र सुभेदारसाहेबांनी मला समजावलं, पण अगदी हलक्या आवाजात. गॅलरीचं दार उघडं होतं.

शेवटी सुभेदारसाहेबांना बरोबर घेऊन गाडी मेकॅनिककडे, म्हणजे उस्तादांकडे नेली. ते बोवेनपल्लीकडच्या गल्लीत बसतात. दुकानाला पाटी नाही. तीन उघड्या बॉनेटांवरून ओळखायचं. त्यांनी काही विचारलं नाही. चावी घेतली, गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, रिव्हर्सने आले. "साब, इंजन को हात बी नै लगाना. इंजन मस्त है. फाउंडेशन बैठ गया, और अंदर प्लेट तेल पी रई." सुभेदारसाहेबांचं आणि उस्तादांचं निदान तंतोतंत जुळलं. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की माझी तिथे गरज उरली नाही.

"कितना टाइम?"

"दो घंटे का काम है साब."

हे खोटं नव्हतं. काम दोन तासांचंच होतं. ते दोन तास कोणत्या दिवशी आहेत एवढंच ठरत नव्हतं.

ठरलं त्या दिवशी गिअरबॉक्स उतरला. वर जॅक, खाली शागिर्द, आणि मधे उस्तादांच्या शिव्या. क्लचच्या डब्यात काळा, चिकट लगदा. शागिर्दाने हवेचा पाइप उचलला तसे सुभेदारसाहेब ओरडले. जुन्या क्लचच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेने उडवून छातीत घेण्याची वस्तू नाही, ओल्या फडक्याने पुसायची. शागिर्दाने फडकं घेतलं, पण त्याच्या चेहऱ्यावर करमणूक हिरावल्याचं दुःख होतं.

मग वास घेण्याचा विधी झाला. तेल दोन ठिकाणांहून येऊ शकतं. इंजिनाच्या मागच्या सीलमधून आलं तर ते काळंकुट्ट असतं आणि जळकट वास येतो. गिअरबॉक्सच्या सीलमधून आलं तर घट्टसर आणि गंधकाच्या वासाचं. उस्तादांनी बोटावर घेऊन हुंगलं. सुभेदारसाहेबांनी हुंगलं. मामांनी दोनदा हुंगलं आणि "डिझेल न्हाई लागत हे," असं कबूल केलं. एकमत झालं: इंजिनाचं मागचं सील. रबराचं एक कडं, किंमत काही शे रुपये. पण तिथपर्यंत पोचायला अख्खा गिअरबॉक्स खाली आणावा लागतो, म्हणून क्लच उघडला की हे सील बदलूनच घ्यायचं असतं. मागच्या वेळी जिथे क्लच बदलला तिथल्या मंडळींनी ते बदललं नव्हतं. काही शे वाचवले आणि काही हजार पुढच्या मालकाच्या, म्हणजे माझ्या, नावे लिहून ठेवले.

फ्लायव्हीलवर निळे-जांभळे डाग होते. तिथे बीड इतकं तापलेलं असतं की ते आजूबाजूपेक्षा कडक होतं. नुसता सँडपेपर मारून नवी प्लेट बसवली तर थरकाप महिन्याभरात परत. आणि हे डाग लेथवर काढायलाही उस्तादांचा विरोध. "लेथ नक्को साब. टूल उधर जाके उचकता, टेकडी छोड़ देता. ग्राइंडिंग मारो." कडक जागी लेथचं हत्यार वर उचललं जातं आणि तिथे सूक्ष्म उंचवटा राहतो. मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांची वाकडीतिकडी चाल क्लचला पुरेशी आहे. पुस्तकातही हेच असतं; उस्तादांनी पुस्तक पाहिलेलं नाही.

सुटे भाग राणीगंजला. तिथे जुनी प्लेट हातात घेऊन जायचं, कारण दिसायला सारख्या दोन प्लेटांचा व्यास वेगळा असतो, आणि व्यास जुळला तर मधल्या भोकाचे दाते वेगळे. दुकानदाराने प्लेट मोजली नाही, नुसती बघितली. "ओरिजिनल दूँ, या ओरिजिनल जैसा?" दोन्ही डबे समोर ठेवले. 'ओरिजिनल जैसा'चा डबा जास्त चकचकीत होता. मामांनी भाव करायला सुरुवात केली आणि दुकानदाराने त्यांना ओस्मानिया बिस्किट दिलं. शेवटी प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण संच, सील आणि तिन्ही फाउंडेशनं घेऊन परतलो. मामा भाव पाडू शकले नव्हते, पण बिस्किटं चार खाल्ली होती.

जोडणी बघण्यासारखी होती. नवी प्लेट फ्लायव्हीलच्या नेमकी मध्यावर बसली नाही तर गिअरबॉक्सचा दांडा आत जात नाही. त्यासाठी उस्तादांकडे कुठल्यातरी मेलेल्या गिअरबॉक्सचा कापून ठेवलेला दांडा होता. दात्यांवर ग्रीस अगदी नखभर. "ज्यादा लगाया तो उड़ के प्लेट पे जाता," उस्ताद म्हणाले. "बरोबर," सुभेदारसाहेब म्हणाले. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. अस्तराला तेलकट हात लागू नये म्हणून उस्तादांनी मामांना दोनदा दूर केलं.

पहिल्या फेरीत गाडी निघाली आणि गणपतीने मान हलवली नाही. मात्र किंचित कुरकुर होती. मामांचा चेहरा उजळला. उस्तादांनी हात वर केला, "नया है साब, बैठना पड़ता. पाँच सौ किलोमीटर प्यार से चलाओ. और क्लच पे पाँव रखके नक्को सोओ." नव्या अस्तराची पकड सगळीकडे सारखी लागायला तेवढा वेळ जातो.

आता इमारतीत प्रत्येकाचं निदान खरं ठरलं आहे. फाउंडेशन बदललं आणि तेलही निघालं, म्हणून सुभेदारसाहेब जिंकले. ते बोलत नाहीत, पण बॉनेटवर थाप मारून जातात. कामाच्या ओघात उस्तादांनी डिझेल फिल्टरही बदलला होता, म्हणून मामा जिंकले. सॉफ्टवेअरवाला मुलगा म्हणतो, पोर्ट असतं तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. गारूंचं मत क्लच असेपर्यंत खरंच राहणार आहे. बायको गाडी तशीच चालवते जशी आधी चालवायची आणि तिला काहीच फरक जाणवलेला नाही.

मामा जाताना जुनी प्रेशर प्लेट घेऊन गेले. "चांगलं लोखंड हाय, कामाला येईल," म्हणत वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी ती बिस्किटांच्या डब्याखाली पिशवीत घातली. पिशवी 'देवगिरी'त चढवताना हमालाने आत काय आहे ते विचारलं. निजामाबाद गेल्यावर मामांचा फोन आला. समोरच्या बर्थवर नांदेडचे एक गृहस्थ होते, त्यांची डिझेल गाडी तिसऱ्या गिअरात थरथरते. मामांनी पिशवीतून प्लेट काढून त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. फाउंडेशन बदला म्हणाले.